मधला चेंडू कुणाचा?

पिकलबॉलचं कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. गुणाकार केला तर ८८० चौरस फूट. हा आकडा वाशीत कुणासमोरही उच्चारून पाहा, पहिला प्रश्न येतो, ‘कार्पेट की बिल्टअप?’ कार्पेट हो, निव्वळ कार्पेट, आणि त्यात १४०-१४० फुटांची दोन किचन. सिडकोच्या जेएन टाइपच्या घरांत ज्यांच्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांना चार माणसांनी हुंदडावं म्हणून एवढी जागा मोकळी सोडलीय हेच आधी पटत नाही. पटलं की ते तासाचा दर विचारतात, आणि मग पुन्हा पटत नाही.

तरीही गर्दी आहे. वाशीच्या मिनी सीशोअरला हात मागे बांधून फेऱ्या मारणारी मंडळी एकेक करून इकडे वळली. जिथे रात्री पोरं फुटबॉल खेळायची त्या टर्फवर निळा-हिरवा रंग चढला, पांढऱ्या रेषा आल्या, आणि आसपासच्या सोसायट्यांच्या कमिट्यांना पुनर्विकास आणि पार्किंग यांच्यानंतर भांडायला तिसरा विषय मिळाला: सकाळी सहापासूनचा टॉक-टॉक आवाज.

खेळ मूळचा अमेरिकेतला. १९६५ साली सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोघे सुट्टीतल्या कंटाळलेल्या पोरांसाठी बॅडमिंटनचं सामान शोधायला गेले. कोर्ट होतं, पण सामान धड नव्हतं. मग त्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी घेतल्या, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि जाळी खाली आणली. पुढे शेजारचे बार्नी मॅकॅलम आले आणि नियम ठरले. आपल्याकडे फूल सापडलं नसतं तर पोरांना पाढे म्हणायला बसवलं असतं आणि जगाला एका खेळाला मुकावं लागलं असतं. कोर्टाचं माप अजूनही बॅडमिंटनचंच आहे. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७३ मध्ये पुण्यात लिहिले गेले हे खरं असलं तरी कोर्टवर पुण्याचं कुणी असेल तर हा विषय काढू नये. पुढचा गेम सुरूच होत नाही.

भारतात हा खेळ आणला तो सुनील वालावलकर या मुंबईकर गृहस्थांनी. कॅनडात पाहिला, आवडला, पॅडल आणि चेंडू घेऊन आले, आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. त्यानंतर बरीच वर्षं ‘पिकल म्हणजे लोणचं ना?’ या प्रश्नाला उत्तरं देण्यात गेली असणार. २०२५ च्या जानेवारीअखेरीस मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर गौरव नाटेकरांची वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली तेव्हा प्रश्न थांबले आणि टर्फचे दर वाढले. गौरव नाटेकर म्हणजे १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर टेनिस दुहेरीचं सुवर्ण मिळवणारे. वडील नंदू नाटेकर बॅडमिंटनचे. बाप बॅडमिंटन, मुलगा टेनिस आणि मुक्काम पिकलबॉल, हा प्रवास त्यांच्या घरात दोन पिढ्यांत झाला. आमच्या कोर्टवर तो एका रॅलीत होतो.

कारण इथे कोऱ्या पाटीचं कुणीच येत नाही. प्रत्येकाच्या अंगात आधीचा एक खेळ मुरलेला असतो आणि तो ऐनवेळी उसळी मारतो. क्रिकेटवाला हवेत आलेला कुठलाही चेंडू मिडविकेटवरून भिरकावतो. चेंडू जाळीच्या कुंपणाबाहेर गेला की त्याला सहा धावांचं समाधान मिळतं आणि पार्टनरला चेंडू आणायचं काम. टेनिसवाला बेसलाइन सोडत नाही. बॅडमिंटनवाला उडी मारून स्मॅश करतो, स्मॅश झकास बसतो आणि उडी किचनमध्ये संपते. कबड्डी खेळलेला एक जण किचनच्या रेषेला बोनस लाइन समजतो, पाय टाकून आला की हात वर करतो. उपजत चांगले खेळतात ते कॅरमवाले. जोर लावला की सोंगटी भोकाच्या तोंडाशी जाऊन परत येते, हे त्यांना लहानपणीच कळलेलं असतं.

किचन म्हणजे जाळीपासूनचा सात फुटांचा पट्टा. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडला असेल तर खुशाल आत जा, मारा आणि बाहेर या. इथवर सगळ्यांना कळतं. पुढचं कलम मात्र डेंटिस्ट बाईंनी आणलं. बाईंनी नियमपुस्तिका वाचलेली आहे. आमच्यात ती वाचणाऱ्या त्या एकट्याच. रेषेबाहेरून चेंडू हवेत मारला आणि त्या झोकात तोल जाऊन पाय आत पडला तरी फाउल. पाय नाही पडला, पण टोपी पडली, तरीही फाउल. तोवर चेंडू मेलेला असला तरी फाउलच. एका सकाळी समोरच्या गृहस्थांनी अप्रतिम व्हॉली मारली, गुण घेतला, मूठ आवळली, आणि कपाळावर चढवलेला गॉगल घसरून टपकन किचनमध्ये पडला. बाईंनी पॅडलने गॉगलकडे बोट दाखवलं. गृहस्थ म्हणाले, ‘अहो, गॉगल खेळत नव्हता!’ बाई म्हणाल्या, ‘तुमच्या अंगावर होता.’ त्या दिवसापासून गृहस्थ गॉगलला दोरी बांधून येतात.

आता सर्व्हिस. या खेळात दोन टप्प्यांचा नियम आहे. सर्व्हिस पलीकडे एक टप्पा घेणार, परतलेला चेंडू अलीकडे एक टप्पा घेणार, मगच हवेत मारायला मोकळीक. म्हणजे सर्व्हिस करणाऱ्या जोडीने मागे थांबावं आणि परतवणाऱ्याने चेंडू खोल मारून चालत पुढे यावं, इतकी साधी गोष्ट आहे. प्रत्यक्षात काय होतं? सर्व्हिस करणारा चेंडूच्या मागोमाग लोकल पकडायच्या घाईने धावतो आणि परतलेला चेंडू थेट त्याच्या बुटावर येतो. परतवणारा आपला फटका किती देखणा होता हे पाहत जागेवरच उभा राहतो. जो थांबायला हवा तो धावतो, जो यायला हवा तो थांबतो. बाकावर बसून हे पाहणाऱ्याला दोघांनाही बकोटीला धरून जागा बदलून द्यावीशी वाटते, पण आमच्याकडे बाकावरून बोलायला बंदी आहे. ती कुणी पाळत नाही हा भाग वेगळा.

बेसलाइन आणि किचन यांच्यामधल्या पंधरा फुटांत सर्वांत जास्त माणसं मरतात. तिथे उभ्या असलेल्या माणसाची अवस्था खाडीपुलावर गाडी बंद पडलेल्यासारखी: मागे मानखुर्द, पुढे वाशी, आणि सगळं जग त्याच्या अंगावर येतंय. तिथे चेंडू नेहमी पायाशीच येतो, आणि पायाशी आलेला चेंडू वर उचलूनच द्यावा लागतो. समोरच्याला तो छातीएवढा मिळतो. मग तो दया दाखवत नाही.

जोराने मारणाऱ्यांचंही दुखणं हेच. जाळी कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४ इंच. तुमचा चेंडू त्या उंचीच्या खाली आलेला असताना तुम्ही कितीही जीव खाऊन मारा, तो जाळी ओलांडायला वरच जाणार. जोर जास्त असेल तर बाहेर जाणार, कमी असेल तर समोरच्याच्या हातात जाणार. हे भूमितीचं काम आहे, दंडाचं नाही. म्हणून जाणती माणसं तिसरा फटका हळूच किचनमध्ये सोडतात. चेंडू जाळीवरून अलगद उतरतो, समोरचा वाकतो, आणि तो वाकलेला असताना तुम्ही चार पावलं पुढे येता. सांगायला तीन ओळी. अंगवळणी पडायला पावसाळे जातात, आणि पावसाळ्यात उघड्या कोर्टवर खेळताच येत नाही.

हे सगळं एकदम पाहायचं असेल तर डेंटिस्ट बाई आणि बँकवाले काका यांची जोडी पाहावी. काका निवृत्त शाखाधिकारी. उजव्या गुडघ्याला नी-कॅप, पॅडल मुलाचं जुनं. एका रविवारी त्यांच्यासमोर ऐरोलीतल्या आयटी कंपनीतले दोन तरुण उभे राहिले. दोघांचे दंड, दोघांची नवीकोरी कार्बनची पॅडल, दोघांच्या कपाळाला पट्ट्या. बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं, ‘काकांना सांभाळून घ्या रे.’

पहिला चेंडू पोराने असा ठेवून दिला की काकांच्या कानाजवळून सुंई करत गेला. काकांनी फक्त खांदा वळवला. चेंडू बेसलाइनच्या दोन फूट पलीकडे पडला. दुसरा असाच आला, काका पुन्हा वळले. तिसऱ्यालाही तेच. कमरेखालून ठोकलेला चेंडू खांद्याच्या उंचीने आणि त्या वेगाने येत असेल तर तो बाहेरच जाणार, एवढंच काकांचं शास्त्र. नवशिके अशा चेंडूला पॅडल लावतात, बाहेर चाललेला चेंडू आत आणून देतात आणि वर ‘सॉरी’ म्हणतात. बँकेत अंग चोरणाऱ्या किती जणांना काकांनी मेमो दिले असतील देव जाणे. इथे ते स्वतः अंग चोरून गुण कमावत होते.

मग पोरांनी काकांना सोडून बाईंकडे मोर्चा वळवला. ही आणखी वाईट कल्पना. बाई किचनच्या रेषेवर येऊन उभ्या राहिल्या आणि तिरक्या रेषेत मऊ मऊ चेंडू द्यायला लागल्या. तिरकं मारण्यात दोन फायदे: कर्णाची लांबी जास्त, आणि चेंडू जाळीच्या मध्यावरून, म्हणजे दोन इंच खालून जातो. समोरच्या पोराने चार परतवले, पाच परतवले, सहाव्याला त्याच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. सातवा त्याने दात-ओठ खाऊन हाणला, जाळीत. पुढच्या रॅलीला पुन्हा तेच. काका पाणी पिताना म्हणाले, ‘बाई, तुम्ही एखादा जोरात का नाही मारत?’ बाई म्हणाल्या, ‘आधी सुन्न होऊ द्यायचं, मग काढायचं.’ गेम अकरा-चारने संपला. त्या अकरांत बाईंनी आणि काकांनी मिळून मारून मिळवलेले गुण तीनच होते. बाकीचे पोरांनी घरपोच आणून दिले. हौशी दुहेरीत समोरच्याला चुकायला पुरेसा वेळ देणं हा सर्वांत हुकमी फटका आहे, आणि तो कुणीही शिकवणीला पैसे भरून शिकत नाही.

लॉबबद्दल एक अगदी गंभीर सूचना. संध्याकाळी खाडीवरून वारं सुटतं. चेंडू अर्ध्या छटाकाच्याही आतला, त्यात अंगभर भोकं. वाऱ्याच्या दिशेने मारलेला लॉब तुर्भ्याला जातो आणि विरुद्ध मारलेला वर जाऊन विचार बदलतो. तो पकडायला लोक मान वर करून उलट्या पावली पळतात. उलट्या पावली पळू नये. पाठ वळवून, नीट पळत जावं, आणि पोहोचत नसाल तर गुण द्यावा. गुण अकरा असतात, मनगटं दोनच. पडताना माणूस मागे हात टेकतो आणि मग सहा आठवडे तोच हात गळ्यात घालून बाकावरून सूचना देतो.

पण खरी मजा मधल्या चेंडूत आहे. दोन माणसं, वीस फूट रुंदी, आणि चेंडू बरोब्बर दोघांच्या मधून. हौशी दुहेरीत इथे तीनच गोष्टी घडतात. एक, दोघंही ‘तुझा!’ म्हणतात आणि चेंडू दोघांच्या मधून मान ताठ ठेवून निघून जातो. दोन, दोघंही ‘माझा!’ म्हणतात आणि पॅडलवर पॅडल आपटतं. तीन, दोघंही गप्प राहतात, चेंडू गेल्यावर एकमेकांकडे पाहतात, आणि तिथून पुढचे दोन गुण त्या पाहण्यात जातात. उपाय जुना आहे: ज्याचा फोरहँड मध्ये येतो त्याने घ्यायचा. दोघं उजखोरे असतील तर डावीकडे उभा असलेला घेणार. एकदा ठरवलं की विषय संपला. पण एक डावखोरा असला आणि तो उजवीकडे उभा राहिला तर दोघांचेही फोरहँड मध्येच येतात, आणि आमच्याकडे अशी एक जोडी आहे. दोघांच्याही पॅडलच्या कडा कुरतडलेल्या आहेत.

नवरा-बायकोच्या जोडीत हा प्रश्न आणखी खोल जातो. पन्नाशीच्या पुढच्या घरांत बायको ‘तुझा’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘अहो, तुमचा... घ्या ना!’ एवढं आदरपूर्वक वाक्य पूर्ण होईतो चेंडू दोन टप्पे घेऊन विसावलेला असतो. उलट ‘हे’ बायकोच्या बाजूचे चेंडूही घेतात, आपल्या बाजूचे तर घेतातच, आणि हरल्यावर विचारतात, ‘तू होतीस कुठे?’ ती जिथे उभी राहा म्हणून सांगितलं होतं तिथेच असते. रेषेचा निर्णय आपापल्या बाजूचा आपण द्यायचा, शंका असेल तर चेंडू आत धरायचा, असा नियम आहे. आणि जोडीतल्या दोघांचं एकमत नसेल तर ती शंकाच समजायची. परवा काकांनी जोरात ‘आउट!’ म्हटलं आणि काकू प्रामाणिकपणे म्हणाल्या, ‘नाही हो, रेषेवर होता.’ गुण समोर गेला. काका त्या गेममध्ये पुढे फक्त गुणसंख्या बोलले. तीही चुकीची, पण त्यात त्यांचा दोष नाही. गेम ‘शून्य-शून्य-दोन’ने सुरू होतो, आपले, समोरच्यांचे आणि कितवा सर्व्हर असे तीन आकडे दर वेळी पुकारायचे असतात, आणि त्यांतला तिसरा कुणालाच आठवत नाही.

बाकी मधला चेंडू वरपर्यंत गेलेला आहे. एक असोसिएशन २००८ पासून रॅकेट सोडून पॅडल धरायला शिकवत होती. २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली ती इंडियन पिकलबॉल असोसिएशनला, म्हणजे दुसऱ्याच संघटनेला. तिथे फोरहँड कुणाचा मध्ये होता, हे बाकावरून दिसत नाही.

हा सगळा गुंता आमच्याकडे ज्यांनी सोडवला ते अण्णा. मूळचे पाटणकडचे, फळ मार्केटात उभी हयात गेलेली. पार्टनरला पुढची चाल कळवायला जाळीजवळच्याने पाठीमागे हात नेऊन खूण करायची, मूठ म्हणजे जागेवर, पंजा म्हणजे मध्ये घुसणार, ही पद्धत कुणीतरी व्हिडिओवरून शिकून आलं आणि आठवडाभर सगळ्यांना समजावत बसलं. अण्णांना पहिल्या वाक्यात समजली. रुमालाखाली बोटं दाबून हापूसच्या पेट्यांचे सौदे केलेल्या माणसाला यात नवीन काय? त्यांच्याबरोबर कपाळपट्टीवाला आयटीतला पोरगा खेळायला लागला आणि मधला चेंडू या जोडीला कधी अडलाच नाही.

अडला तो एकदाच. अण्णांनी पाठीमागे तीन बोटं दाखवली. पोरगा सर्व्हिस घ्यायचा थांबला.

‘अण्णा, तीन म्हणजे काय?’

‘तीनदा सोडायचा, चौथ्याला मी घुसतो. अडीचला पण जमवीन, तू सर्व्हिस घे.’

खूण पाठीमागे असल्यामुळे समोरच्या जोडीला दिसत नाही, पण मागच्या बाकाला स्वच्छ दिसते. बाकावरची माणसं पुढच्या चेंडूला एका सुरात ओरडली, ‘पंजा! पंजा! घुसतायत!’ समोरच्या डेंटिस्ट बाईंनी शांतपणे अण्णांनी सोडलेल्या जागेत चेंडू ठेवला.

अण्णांनी वळून बाकाकडे एकदा पाहिलं. मग कुंपणावर वाळत टाकलेला स्वतःचा नॅपकिन आणला, मागच्या हातावर नीट पसरला आणि पुन्हा जाळीजवळ जाऊन उभे राहिले.

‘आता घे,’ ते पोराला म्हणाले. ‘बाकावरून भाव फुटतोय.’